वेगवान प्रोसेसरसाठी जास्त पैसे मोजावेत का? लॅपटॉप घेण्याआधी घरी करायचा हिशेब

बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. मी नागपुरात लॅपटॉप दुरुस्त करतो, त्यामुळे नातेवाईक, शेजारी आणि त्यांचे शेजारी सगळे एकच प्रश्न विचारतात, तोही बर्डीच्या बाजारात, दुकानात उभं राहून: "भाऊ, बर्डीवर आहे. आय-५ घेऊ का आय-७? बारा हजार जास्त सांगून राहिला."

आय-५ आणि आय-७ म्हणजे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या, म्हणजे लॅपटॉपचं सगळं काम करणाऱ्या मुख्य चिपच्या, दोन पायऱ्या; आय-७ वरची. मागे दुकानदार, समोर दोन लॅपटॉप, खिशात कार्ड. अशा वेळी मी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच. खरं उत्तर तुमच्या रोजच्या कामात असतं आणि ते शोधायला आठवडा लागतो. लोक नेमकी उलटी सुरुवात करतात: आधी नावं आणि आकडे वाचतात, मग दुकान गाठतात, आणि आपलं काम कुठे अडतं हे शेवटपर्यंत पाहत नाहीत. खालच्या पायऱ्या क्रमानंच करा.

१. आठवडाभर वही ठेवा

सध्याच्या मशीनशेजारी एक वही ठेवा. तीन रकाने: काय करत होतो, किती वेळ थांबलो, दिवसातून किती वेळा. "लॅपटॉप स्लो आहे" असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. घड्याळ लावून सेकंद लिहा.

माझी मामेबहीण रामदासपेठेत एका सीएकडे काम करते. तिच्या वहीतला एक दिवस असा होता: सकाळी मशीन चालू होऊन हाताशी यायला ४ मिनिटं. बँकेच्या शीट उघडणं, दर वेळी ४० सेकंद, १२ वेळा, म्हणजे ८ मिनिटं. एक्सेलचा मॅक्रो (ठरलेलं काम आपोआप करून देणारा छोटा प्रोग्रॅम), दीड मिनिट, ४ वेळा, म्हणजे ६ मिनिटं. पोर्टलवर फाइल चढवणं, ६ मिनिटं. एकूण २४ मिनिटं. तिला स्वतःला वाटत होतं की रोज तास-दीड तास वाया जातो. वही ठेवली नसती तर त्या दीड तासाच्या हिशेबानंच खरेदी झाली असती.

फक्त समोर बसून थांबलेला वेळ लिहा. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावून तुम्ही जेवायला गेलात तर तो वेळ धरायचा नाही.

पहिलाच लॅपटॉप घेणाऱ्यांकडे मोजायला मशीन नसतं. त्यांनी त्याच कॉलेजात, त्याच शाखेत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या दोघा-तिघांना गाठावं. "कोणता लॅपटॉप चांगला" हे विचारायचं नाही. "कोणतं सॉफ्टवेअर रोज लागतं आणि ते कुठे अडकतं" हे विचारायचं. पहिल्या वर्षाचे सी आणि पायथनचे प्रोग्रॅम कुठल्याही आजच्या मशीनवर चालतात.

२. थांबण्याचं कारण पकडा

आता वहीतली एकेक नोंद पुन्हा करायची, पण टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनचा कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडा ठेवून. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, परफॉर्मन्सवर जा. चार्जर लावलेला असू द्या. मशीन चालू करून दहा मिनिटं जाऊ द्या, कारण सुरुवातीला विंडोजचे अपडेट आणि अँटीव्हायरस आपापली कामं उरकत असतात. मग काम चालवा आणि थांबण्याच्या काळात पाहा, कोण वर गेलंय.

डिस्क १०० टक्क्यांवर चिकटली असेल आणि मशीनमध्ये जुनी हार्ड डिस्क असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही. एसएसडी टाका, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम, म्हणजे चालू कामाचं सामान ठेवायची जागा, कमी पडतेय. रॅम भरली की विंडोज डिस्कवर सामान ठेवायला लागतं आणि सगळंच रखडतं. अशा मशीनमध्ये प्रोसेसर कितीही भारी असो, तो वाट पाहत बसतो.

काहीच वर गेलेलं नसेल आणि तरी थांबावं लागत असेल, तर अडचण बहुधा इंटरनेटची किंवा समोरच्या सर्व्हरची आहे. बहिणीची पोर्टलची ६ मिनिटं यात गेली.

सीपीयू, म्हणजे प्रोसेसरच, १०० टक्क्यांवर असेल तर काम खरंच प्रोसेसरवर अडलंय आणि सगळे कोअर, म्हणजे त्याचे काम करणारे सगळे हात, वापरतंय. इथे जास्त कोअरचा उपयोग होतो.

पाचवी गोष्ट बहुतेकांना फसवते. बहिणीच्या मशीनमध्ये आठव्या पिढीचा आय-५ ८२५०यू आहे: ४ कोअर, ८ थ्रेड (इथे एक कोअर एका वेळी कामाच्या दोन रांगा हाताळतो, त्या रांगा म्हणजे थ्रेड). मॅक्रो चालू असताना सीपीयू फक्त १३ टक्के दिसत होता. ती म्हणाली, "पाहा, प्रोसेसर तर रिकामाच बसून राहिला." नाही. १०० ला ८ नं भागा, साडेबारा येतात. म्हणजे एक थ्रेड पूर्ण भरलाय आणि बाकीच्या सातांना कामच नाही. एक्सेलच्या व्हीबीए भाषेत लिहिलेले मॅक्रो एकाच थ्रेडवर चालतात. नकाशे-आराखडे काढायच्या ऑटोकॅडचं बरंचसं कामही तसंच. अशा कामाला १४ कोअरचा प्रोसेसर आणला तरी कामाला एकच कोअर लागणार, त्यामुळे एका कोअरचा वेग तेवढा पाहायचा.

तपासा: वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे डिस्क, रॅम, नेट, एक कोअर किंवा सगळे कोअर यांपैकी एक शब्द लिहिला गेला का? शेवटच्या दोन प्रकारांची बेरीज दिवसाला दोन-चार मिनिटांचीच असेल, तर महागड्या प्रोसेसरचा विषय इथेच मिटला.

३. आधी फॅन पाहा, विशेषतः एप्रिलनंतर

ही पायरी पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडणार नाही, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला, बऱ्याच इंटेल लॅपटॉप चिपमध्ये ते १०० अंश असतं, की स्वतःचा वेग उतरवतो. चिपची उष्णता बाहेर जाते ती चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. खोली २५ अंश असेल तर फरक ७५ चा. दुपारी खोली ४० अंश असेल तर ६० चा. म्हणजे तोच लॅपटॉप, तोच फॅन, पण उष्णता फेकायची ताकद सुमारे २० टक्क्यांनी कमी. दोन प्रोसेसरमधला जो फरक तुम्ही विकत घ्यायला निघालात, तो कधी कधी याहून लहान असतो.

दुपारी रखडणारा आणि रात्री नीट चालणारा लॅपटॉप माझ्या टेबलावर दर उन्हाळ्यात येतो. मागचं झाकण उघडलं की फॅनच्या पुढच्या जाळीवर धुळीचा नमदा बसलेला असतो, राखाडी, चिमटीत धरून सोलता येईल इतका जाड. तो काढला, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे नेणारा लेप) बदलली, की गिऱ्हाईक विचारतं, "नवा टाकला का?"

तपासा: टास्क मॅनेजरमध्ये काम चालू असताना वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. सुरुवातीला ३ च्या वर आणि पाच मिनिटांनी १ च्या आसपास असेल, तर आधी साफसफाई, मग पुन्हा दुसरी पायरी.

सावध: लॅपटॉप थंड राहावा म्हणून कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती हवा ओली असते, कधी पाण्याचे थेंबही उडतात. गादीवर ठेवूनही काम करू नका, खालची जाळी बंद होते.

४. नाव पूर्ण वाचा

आता, आणि आत्ताच, नावांकडे वळायचं. "आय-७" हे नाव नाही, ती पाटी आहे. अख्खं नाव हवं, आकडे आणि शेवटच्या अक्षरासकट.

शेवटचं अक्षर आधी पाहा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपचा. एच म्हणजे जास्त वीज, जास्त उष्णता, जाड लॅपटॉप. बाराव्या-तेराव्या पिढीत मधला पी होता. एचएक्स सगळ्यात वरचा. यू गटाची मूळ वीज साधारण १५ वॉट, एच गटाची ४५.

मग कोअर मोजा. दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेली ही जोडी बघा: आय-५ १२३५यू आणि आय-७ १२५५यू. दोघांत २ मोठे (वेगवान) आणि ८ लहान (कमी वीज खाणारे) कोअर. दोघांत १२ थ्रेड. कॅशे, म्हणजे चिपमधली झटपट मेमरी, दोघांत १२ एमबी. मूळ वीज दोघांची १५ वॉट. फरक कमाल वेगाचा, ४.४ आणि ४.७ गिगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम ७ टक्के, तोही फार तर. ग्राफिक्सचे भाग आय-७ मध्ये थोडे जास्त आहेत. तेराव्या पिढीतल्या १३३५यू आणि १३५५यू या जोडीची गोष्ट तीच, ४.६ आणि ५.०. यासाठी बारा हजार!

उलट आय-५ १२४५०एच घ्या. ४ मोठे कोअर, ४ लहान, मूळ वीज ४५ वॉट. सगळे कोअर लागणाऱ्या लांब कामात, व्हिडिओ रेंडर वगैरे, हा 'आय-५' त्या 'आय-७ यू'ला मागे टाकू शकतो. मोठे कोअर दुप्पट आहेत आणि वीजही जास्त मिळते.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्या रायझन प्रोसेसरकडे वेगळी गंमत आहे. रायझन ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतल्या आराखड्याची पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २. हा आराखडा २०१९ सालचा, कोअर फक्त ४. रायझन ५ ७५३०यू मध्ये तो ३ आहे, म्हणजे झेन ३, आणि कोअर ६. नावात एका आकड्याचा फरक, आत दीडपट कोअर. ७५२०यू बरोबर रॅमही बोर्डावर सोल्डर केलेलीच, म्हणजे डाग देऊन पक्की बसवलेलीच, येते.

डिसेंबर २०२३ पासून इंटेलनं नव्या नावांतून 'आय' काढायला सुरुवात केली. आता कोअर अल्ट्रा आणि नुसतं कोअर अशा दोन ओळी आहेत. कोअर ७ १५०यू हा नव्या नावाचा असला तरी आतून तेराव्या पिढीच्या घराण्यातला. नव्या नावाचे पैसे देण्याआधी एवढं माहीत असू द्या. अल्ट्रा २०० मालिकेत शेवटी व्ही असेल तर रॅम चिपसोबतच बसवलेली असते, नंतर वाढत नाही.

"पुढची पाच वर्षं पाहावं लागणार नाही, आय-सेवन घेऊन टाका." हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा विंडोज ११ नं कुणाला आत घेतलं ते आठवा: आठव्या पिढीचा आय-३ आत, सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे आय-७ बाहेर. तिथे पिढी मोजली गेली, पाटीला कोणी विचारलं नाही.

५. चिपपेक्षा तिचं घर

एकच प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये वेगळा धावतो. १२३५यू थोडा वेळ ५५ वॉटपर्यंत जाऊ शकतो, पण त्याला किती वॉट किती वेळ द्यायचे हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, आणि तो हे आपल्या फॅनकडे पाहून ठरवतो. एक फॅन आणि बोटाएवढी उष्णतानळी असलेल्या पातळ मशीनमध्ये आय-७ टाकला, तर पहिले दोन मिनिटं तो आय-७ असतो. पुढे नळी जेवढी उष्णता नेईल तेवढाच.

म्हणून मॉडेलचं नाव टाकून व्हिडिओ परीक्षण शोधा आणि त्यात एकच गोष्ट बघा: दहा-पंधरा मिनिटं पूर्ण भार दिल्यावर किती वॉट टिकले. पहिल्या मिनिटाचा स्कोअर सांगून थांबणारं परीक्षण सोडून द्या.

६. रुपयांचा हिशेब

इथली नेहमीची चूक म्हणजे नव्या आय-७ ची तुलना घरच्या जुन्या मशीनशी करणं. तसं पाहिलं तर काहीही घेतलं तरी विमानच वाटणार. तुम्ही जास्तीचे बारा हजार देताय ते नव्या आय-५ आणि नव्या आय-७ मधल्या फरकासाठी. तेवढाच मोजा.

बहिणीच्या हिशेबात प्रोसेसरवर अडणारी ६ मिनिटं. उदार मनानं धरू की नव्या आय-५ वरही तेवढीच लागतील. १२५५यू नं कमाल वेग पूर्ण दिला तर ६ मिनिटांतले सुमारे २३ सेकंद वाचतात. वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर ९६ मिनिटं. चार वर्षांत जवळपास साडेसहा तास. १२,००० भागिले ६.४, म्हणजे वाचलेल्या एका तासाची किंमत १,८७५ रुपये. तिला हा आकडा सांगितल्यावर ती म्हणाली, "एवढा तर माझा दिवसाचा पगार नाही रे भाऊ."

आता लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याचा हिशेब. हंगामात रोज ९० मिनिटं तो समोर बसून प्रिव्ह्यू आणि एक्स्पोर्टची वाट पाहतो, सगळे कोअर १०० टक्क्यांवर. यू ऐवजी एच गटाचा, चांगल्या फॅनचा लॅपटॉप घेतल्यावर त्याच्याच फाइलवर हा वेळ ४० टक्क्यांनी घटला असं धरा. रोज ३६ मिनिटं, वर्षात १२० दिवस, म्हणजे ७२ तास. चार वर्षांत २८८. वीस हजार जास्त दिले तरी तासाला ७० रुपयेही पडत नाहीत. यानं विचार करत बसू नये, घेऊन टाकावा.

तुमचे आकडे घाला. उत्तर तुमच्या एका तासाच्या कमाईपेक्षा कमी आलं तर घ्या, बरंच जास्त आलं तर सोडा. मधलं आलं तर पुढची पायरी ठरवेल.

७. त्याच पैशात दुसरं काय येतं

२०२२ मध्ये मी स्वतःसाठी आय-७ घेतला. हो, मीच, दुरुस्तीवाला. रॅम ८ जीबी, "नंतर वाढवू" असं म्हणून. घरी येऊन झाकण उघडलं तर रॅम सोल्डर केलेली, स्लॉटच नाही. तो लॅपटॉप ब्राउझरच्या वीस टॅबमध्ये गुदमरायचा आणि सीपीयू ३० टक्क्यांवर निवांत असायचा. तेवढ्याच पैशात १६ जीबीचा आय-५ समोर ठेवलेला होता.

म्हणून क्रम असा: आधी १६ जीबी रॅम, मग ५१२ जीबी एसएसडी, आणि हे दोन्ही झाल्यावर पैसे उरले तर प्रोसेसर. थ्रीडी किंवा गेम हेच मुख्य काम असेल तर प्रोसेसरच्या आधी वेगळं ग्राफिक्स कार्ड.

सावध: रॅमची एकच कांडी असेल तर ग्राफिक्स मंदावतं. बाराव्या-तेराव्या पिढीतल्या बऱ्याच लॅपटॉपवर एका कांडीवर ग्राफिक्सचं नाव 'आयरिस एक्सई' ऐवजी त्याहून खालचं, नुसतं 'यूएचडी' दिसतं. १६ ची एक यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या. रॅमचे भाव फार वरखाली होतात, त्यामुळे त्या दिवशीचाच भाव विचारा.

बहिणीनं शेवटी नवा लॅपटॉप घेतलाच नाही. जुन्यात एसएसडी आणि ८ जीबीची आणखी एक कांडी बसवली. सकाळची ४ मिनिटं आता अर्ध्यावर आली नाहीत, अर्ध्या मिनिटावर आली. मॅक्रो अजून दीड मिनिटच घेतो, तेव्हा ती चहा घेते.

८. दुकानात

चिठ्ठीवर लिहून न्या: प्रोसेसरचं अख्खं नाव, रॅम किती आणि सोल्डर की स्लॉट, एसएसडी किती. डेमो मशीनवर टास्क मॅनेजर उघडून द्यायला सांगा. सीपीयूचं नाव तिथे वर उजवीकडे दिसतं, आणि मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत तेही. डब्यावरचं लेबल आणि डेमोचं मॉडेल एकच आहे का पाहा. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये तीन-तीन प्रोसेसर असतात.

"ईएमआयमध्ये महिन्याला फक्त ६०० जास्त" असं म्हटलं की गुणा. २४ महिने, १४,४०० रुपये. सहाव्या पायरीत बारा हजार घातले असतील तर आकडा बदलला.

सांगितलेल्या भावात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हे आधी विचारा. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. रॅम नंतर बसवणार असाल तर झाकण उघडल्यानं वॉरंटी जाते का, हे दुकानदाराला विचारू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

९. घरी आणल्यावर, पहिल्याच दिवशी

विंडोजचे अपडेट होऊ द्या, तास-दोन तास जातील. मग सिनेबेंच आर२३ हे प्रोसेसरची परीक्षा घेणारं सॉफ्टवेअर टाका. ते फुकट आहे आणि त्याची नेहमीची मल्टी-कोअर चाचणी दहा मिनिटं चालते. चार्जर लावा, लॅपटॉप टेबलावर ठेवा, एसी बंद करा. आपल्याला नागपूरच्या दुपारची परीक्षा घ्यायची आहे, शोरूमची नाही. पहिल्या मिनिटाला टास्क मॅनेजरमधला गिगाहर्ट्झचा आकडा लिहा, नवव्या मिनिटाला पुन्हा लिहा. थोडी घसरण सगळ्यांतच असते. आकडा अर्ध्याच्याही खाली गेला तर आधी पॉवर मोड तपासा, 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी'वर असेल तर बदला आणि चाचणी पुन्हा घ्या.

मग पहिल्या पायरीतली वही काढा आणि त्याच फाइल, तेच मॅक्रो, तेच एक्स्पोर्ट घड्याळ लावून करा. चाचणीत वेग तसाच कोसळत असेल तर दोन्ही आकड्यांचे फोटो काढा आणि बदलून देण्याची मुदत संपायच्या आत दुकान गाठा. बऱ्याच ठिकाणी ती सात-दहा दिवसांचीच असते, तोवर डबा आणि थर्माकोल टाकू नका.